काचपात्रांतील शेजार

लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० सालीं आपला एक प्रयोग विद्वानांपुढें मांडला. गोड्या पाण्याच्या पात्रांत दोन सोनमासे, पाणवनस्पति आणि गोगलगायी एकत्र राहिल्या. वनस्पति प्राणवायु पुरवी, गोगलगायी कुजकीं पानें फस्त करीत, त्यामुळें पाणी वारंवार बदलावें लागेना. पुढें हाच तोल त्यांनीं हिरव्या शेवाळाच्या साहाय्यानें खाऱ्या पाण्यांतहि साधला. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यांचें ‘द अ‍ॅक्वेरियम’ हें पुस्तक निघालें, आणि इंग्लंडांतील अनेक दिवाणखान्यांत लहानसा समुद्र अवतरला.

पण श्वासाचा हिशेब जुळला तरी भुकेचा जुळेना. खेकडा शेजाऱ्यांचे लचके तोडी. फुलासारखें मोहक समुद्रपुष्प जवळ आलेल्या चिमुकल्या माशाला गिळून टाकी. समुद्रांत दुर्बळाला पळावयास जागा असते, काचेच्या चार भिंतींत ती नसते. म्हणून मासा निवडतांना रंगाआधीं त्याचा आहार, वाढ आणि स्वभाव पाहावा, जीव थोडेच ठेवावे, प्रत्येकाला लपावयास कपार द्यावी, हें शहाणपण अनुभवांतून आलें. आज पाणी शुद्ध ठेवावयास यंत्रें आहेत; शेजार मात्र अजूनहि माणसालाच पारखून निवडावा लागतो.