पत्राखालचं नाव

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, ई-मेलखालच्या सहीवर कसलं व्याख्यान देणार? प्रश्न रास्त आहे. कुलसचिवांचं परिपत्रक येतं: नाव, पद, विभाग, विद्यापीठाचं पूर्ण नाव, बोधचिन्ह, अक्षरं अमुक आकाराची. प्राध्यापक हसून ते बाजूला ठेवतात. मीही ठेवलेलं आहे.

जरा मागे जाऊ. शिवकालीन राजपत्रात वर राजमुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे दुसरा छोटा शिक्का, मर्यादामुद्रा. ती शोभेसाठी नाही. राजाचं म्हणणं इथे संपलं, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, हे ती सांगते. न्यायदर्शनात शब्दप्रमाणाची चर्चा आहे, तिथेही कळीचा प्रश्न हाच: बोलणारा कोण, आणि तो आप्त आहे का? पत्र वाचणाऱ्याला बोलणारा दिसत नाही, त्याच्या हाती फक्त खूण असते.

ई-मेल आली तेव्हा ही खूण सहीत उतरली. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक नियमावली १९९५ साली निघाली, तिने सही चार ओळींत आटपा असं सुचवलं. आता या चार ओळींत सगळ्यांत जास्त कात्री लागते ती विद्यापीठाच्या नावाला. का, तर नाव लांब आहे!

औरंगाबादला १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं, असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ला केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झालं, ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. तरी नाव प्रत्यक्षात आलं १४ जानेवारी १९९४ला, तेही 'मराठवाडा' शब्द कायम ठेवून. म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात. ठरावापासून अंमलापर्यंत साडेपंधरा वर्षं!

आणि सहीत आपण काय लिहितो? 'बामू'. नाहीतर जुन्या सवयीने नुसतंच 'मराठवाडा विद्यापीठ'. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण ज्याच्या घरातल्या कोणी त्या वर्षांत लाठ्या खाल्ल्या, त्याला तुम्ही गाळलेला शब्दच आधी दिसतो. पुण्यातही २०१४पासून सावित्रीबाई फुले यांचं नाव विद्यापीठाला आहे, आणि बोलण्यात, पत्रांत त्याचं 'एसपीपीयू' होऊन जातं.

'ब्रँड' हा शब्द मला रुचत नाही, तो बाजारातून आलेला. निळा रंग कुठला वापरायचा याबद्दल मी भांडणार नाही. पूर्ण नावाबद्दल मात्र भांडेन.

मर्यादेची एक दुसरी बाजू आहे, ती मी स्वतः विसरलो होतो. निवृत्तीनंतरही माझ्या सहीत पद आणि बोधचिन्ह तसंच राहिलं होतं. एका वादग्रस्त प्रश्नावर मी एका संपादकांना पत्र लिहिलं. त्यांनी ते विद्यापीठाची भूमिका म्हणून छापलं. त्यांचं काय चुकलं? सही तसंच सांगत होती. मग मी खुलासा पाठवला, तेव्हा कुठे खाली नुसतं नाव लिहिलं आणि पुढे 'निवृत्त'.