पचनाची गोळी आणि न पचणारा गहू

आजचा विषय आम्हाला एका लग्नाच्या पंगतीत सापडला. आमच्या नात्यातली एक मुलगी, वय वर्षं एकोणीस, तिला सिलिॲक आजार आहे. गहू, बार्ली, राय यांच्यातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिच्या शरीराची संरक्षणव्यवस्था तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर चालून जाते. ती ज्वारीची भाकरी खाते, भात खाते. आमटीतल्या हिंगाचीसुद्धा चौकशी करते, कारण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तर त्या पंगतीत परदेशातून आलेल्या एका काकांनी तिच्यापुढे बाटली ठेवली. "ग्लूटेन पचवणारी एन्झाइम्स आहेत. दोन गोळ्या घे आणि खुशाल पुरणपोळी खा." मुलीने आमच्याकडे पाहिलं. "आजोबा, खाऊ?"

आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेली माणसं. नेहमीचंच सांगितलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पण 'पचवणारी' हा शब्द डोक्यातून जाईना. पचलं म्हणजे नेमकं काय झालं? हे कुणी, कसं ठरवलं? आज तेवढंच बघायचं आहे.

शब्दापासून सुरुवात करू. संस्कृतात 'पच्' म्हणजे शिजवणं. पोटात जठराग्नी आहे, तो अन्न शिजवतो, म्हणून ते पचन. ग्रीकांचा 'पेप्सिस' हा शब्दही शिजवण्यावरूनच आला, आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात की दोन्हींचा धातू मुळात एकच. म्हणजे पेप्सिन आणि पचन ही चुलतभावंडं झाली. (पेप्सी हे नावही अपचनाच्या ग्रीक शब्दावरूनच आलेलं आहे. त्या बाटलीने कुणाचं काय पचलं, हा वेगळा विषय.)

युरोपात मात्र अठराव्या शतकात वाद होता: पोट अन्न दळतं की विरघळवतं? 1752 साली रेओम्युर या फ्रेंच पंडिताने एका घारीला धातूच्या सच्छिद्र नळ्या गिळायला लावल्या, आत मांस भरून. नळीमुळे दळण्याचा प्रश्नच नाही. घारीने नळी ओकून टाकली, तेव्हा आतलं मांस बरंचसं विरघळलं होतं. पुढे इटलीत स्पालांझानी यांनी कापडाच्या पुरचुंडीत अन्न बांधून स्वतःच गिळलं. त्या काळच्या शास्त्रज्ञांची तब्येत आणि धाडस, दोन्हीला नमस्कार.

आता येते खरी गोष्ट. 6 जून 1822. अमेरिकेतल्या ह्यूरन सरोवरातलं मॅकिनॅक बेट. अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याला अगदी जवळून चुकून गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं. पण जखम विचित्र भरली. जठराचं भोक बुजलं नाही, बाहेरच्या कातडीशी जुळून एक कायमची खिडकीच तयार झाली. बोमाँटच्या लक्षात आलं की या खिडकीतून पचन चालू असताना पाहता येईल.

1 ऑगस्ट 1825 रोजी दुपारी बाराला त्यांनी रेशमी दोऱ्याला पदार्थ बांधून त्या भोकातून आत सोडले: मसालेदार गोमांस, खारवलेलं डुकराचं मांस, कच्चं आणि उकडलेलं खारं गोमांस, शिळा पाव, चिरलेला कोबी. तासाभराने दोरा ओढून पाहिला. पाव आणि कोबी अर्धे गेले होते, मांस जवळजवळ तसंच. दोन तासांनी पाव दोऱ्यावरून पूर्ण नाहीसा! बोमाँटनी नोंद केली: पचला. हा पाव लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा लागणार आहे.

1833 साली बोमाँटचं पुस्तक आलं आणि ते शरीरशास्त्रात अजरामर झाले. सेंट मार्टिनचं काय? त्याच्याशी वर्षाला दीडशे डॉलरचा करार, त्यावर सहीच्या जागी त्याची फुली. तो पुढे कॅनडात निघून गेला आणि डॉक्टरांनी कितीही बोलावलं तरी परत आला नाही. 1880 साली तो वारला, तेव्हा घरच्यांनी मुद्दाम देह कुजू दिला आणि खोल खड्डा खणून पुरला, डॉक्टरांच्या हाती लागू नये म्हणून. वैद्यकाच्या इतिहासात हे पान आम्हाला बोमाँटच्या पुस्तकाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पुढचं भराभर सांगतो. 1836 साली श्वान यांनी जठररसातला प्रथिनं तोडणारा पदार्थ वेगळा ओळखला, नाव दिलं पेप्सिन. 1870च्या दशकात क्यूने यांनी 'एन्झाइम' हा शब्द घडवला, आपण त्याला विकर म्हणतो. पेप्सिन दुकानात यायला वेळ लागला नाही. डुकराच्या जठरातून काढलेली पावडर विकली जाऊ लागली, मग पेप्सिनची वाइन, चघळायचं पेप्सिनचं गमसुद्धा. मग जपानचे जोकिची ताकामिने. भातावर कोजी नावाची बुरशी वाढवून जपानी लोक साके करतात. ताकामिनेंनी ती बुरशी अमेरिकेत नेली, आधी व्हिस्की करायला. ते जमलं नाही, तेव्हा तिच्यातून पिष्ट तोडणारं विकर काढलं. 1894 साली पेटंट घेतलं. तीच ताका-डायास्टेज. आपण जेवण जड झाल्यावर केमिस्टकडून काळी गोळी आणतो ना, तिच्या वेष्टनावर 'फंगल डायास्टेज' आणि 'पपेन' असे शब्द दिसतील. पहिला त्या बुरशीचा वारसा. दुसरा कच्च्या पपईच्या चिकातला, ज्यासाठी आपल्याकडे मटणाला कच्ची पपई चोळतात.

या सगळ्यात कसोटी एकच होती. भांड्यात अन्न ठेवा, विकर घाला, अन्न दिसेनासं झालं की काम झालं. दोऱ्यावरचा पाव गेला, म्हणजे पचला.

आणि गहू? 1745 साली बोलोन्याच्या बेक्कारी यांचा निबंध छापला गेला, त्यात कणीक पाण्यात धुवून पिष्ट वेगळं आणि चिवट गोळा वेगळा करून दाखवला होता. तो गोळा म्हणजे ग्लूटेन. तुमच्या आजीने कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना जे पांढरं घेतलं ते पिष्ट. हा त्याचा चिवट भाऊ.

1888 साली लंडनचे सॅम्युएल गी यांनी सिलिॲक मुलांचं वर्णन छापलं, आणि उपाय असला तर तो आहारातच असणार असं म्हटलं. पण कोणता आहार? ते सापडायला साठेक वर्षं गेली. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके महायुद्धाच्या आधीपासूनच गव्हावर संशय घेऊन होते. 1944-45च्या हिवाळ्यात तिथे भयंकर दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि ही मुलं उलट सुधारली, अशी कथा सांगितली जाते. कथा गोड आहे. पण डिकेंनी 1950च्या प्रबंधात ठेवलेला पुरावा दुष्काळाचा नाही. मुलांच्या आहारातून गहू काढला, घातला, पुन्हा काढला, आणि दरवेळी काय झालं ते मोजलं, असा तो चिकाटीचा पुरावा आहे. कथेपुढे हे मागे पडतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

मग साहजिक शंका आली: या रुग्णांत एखादं विकरच कमी असेल का? तसं असेल तर प्रश्न सोपा, बाहेरून द्या! 1959 साली बर्मिंगहॅमच्या फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी ग्लूटेन आधी पेप्सिन आणि ट्रिप्सिनने भांड्यातच पचवलं आणि मग रुग्णांना दिलं. त्रास झालाच. जे पचलं असं भांडं म्हणत होतं, ते शरीर मान्य करत नव्हतं.

कोडं सुटलं 2002 साली. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले आणि स्टॅनफर्डला काम करणारे चैतन खोसला यांच्या गटाने दाखवलं की ग्लूटेनमधला तेहेतीस अमिनो आम्लांचा एक तुकडा जठर, स्वादुपिंड, आतड्याचं अस्तर या सर्वांच्या विकरांना पुरून उरतो. कारण त्यात प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल ठासून भरलेलं आहे, आणि आपल्या विकरांची कात्री तिथे चालत नाही. आता गंमत बघा. हा तुकडा फक्त त्या मुलीच्या पोटात उरतो असं नाही. या सभागृहातल्या कुणालाच तो पुरता पचत नाही! विकर कमी तिचं नव्हतं. आपल्या सगळ्यांचा तुकडा निमूटपणे पुढे सरकतो, तिच्या शरीराला मात्र तो शत्रू वाटतो. बोमाँटच्या दोऱ्यावरून गेलेला पाव पुरता पचला नव्हता. तो फक्त दोऱ्यावरून गेला होता.

मग प्रोलीनपाशी तोडणारी कात्री शोधायची. ती जिवाणूंत मिळाली, काळ्या बुरशीतही मिळाली. ही बुरशी ताकामिनेंच्या बुरशीची जवळची नातलग. काकांच्या बाटलीत असतं ते बहुधा हेच. ते खोटं नाही. निरोगी माणसांच्या जठरात त्याने ग्लूटेन बरंच तुटतं, हे मोजलेलं आहे.

पण 'बरंच' म्हणजे किती? एका पोळीत साधारण तीन ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे तीन हजार मिलिग्रॅम. समजा गोळीने शंभरातले पंच्याण्णव भाग तोडले. परीक्षेत हे उत्तम गुण. उरले दीडशे मिलिग्रॅम. इटलीतल्या कातासी यांच्या 2007च्या अभ्यासात रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लूटेनने तीन महिन्यांत आतड्याला इजा दिसली होती. शिवाय हे सगळं अन्न जठरातून पुढे सरकण्याआधीच व्हायला हवं, कारण मार बसतो तो लहान आतड्याच्या सुरुवातीलाच. इथे हिशेब किती पचलं याचा नाही, किती उरलं याचा आहे, आणि पाचकाच्या बाटलीवर उरलेल्याचा आकडा कुणी छापत नाही.

औषध म्हणून केलेले प्रयत्नही बघा. लॅटिग्लूटेनेज नावाच्या दोन विकरांच्या मिश्रणाची 494 रुग्णांवरची चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. हे सगळे पथ्यावर असूनही त्रास असलेले रुग्ण. औषध घेणारे सुधारले, पण नुसती साखरेची गोळी घेणारेही तितकेच सुधारले. नंतर 2022 साली एका लहान चाचणीत, रोज मोजून दोन ग्रॅम ग्लूटेन दिलेल्या रुग्णांमध्ये औषधामुळे इजा कमी झालेली दिसली. कमी झाली, थांबली नाही. पथ्यात नकळत चूक झाली तर आधार म्हणून अशा औषधाचा विचार शास्त्रज्ञ करतात. पुरणपोळीचा परवाना म्हणून कुणी करत नाही.

उगाच अन्याय नको. ज्याचं स्वादुपिंड काम करत नाही त्याला विकरांच्या गोळ्या जीवदान देतात. ज्याला दूध पचत नाही त्याला लॅक्टेजचा उपयोग होतो. तिथे थोडं उरलं तर फार तर पोट फुगतं. 'पाचक' हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो, घोटाळा तिथे आहे.

त्या दिवशी काकांची बाटली आम्ही भिंग घेऊन वाचली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सिलिॲक रुग्णांनी हे पथ्याऐवजी घेऊ नये. काकांचा चष्मा गाडीत राहिला होता. मुलीची आई हुशार. स्वयंपाकघरात पिठाचा हात लागण्याआधीच तिने लेकीचं पुरण वेगळ्या डब्यात काढून ठेवलं होतं. पोरीने ते वाटीत घेतलं, वर तूप घातलं आणि आम्हालाही चमचाभर दिलं.