तेव्हा नेमकं काय माहीत नव्हतं? जालना, २०२०

आजचा इतिहास फार जुना नाहीये. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो घरात कोंडून बघितलाय.

मार्च २०२०. आरोग्यमंत्री आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगीचे राजेश टोपे. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि पंधरवड्यात देश बंद झाला. हे सगळं तुम्हाला गूगलवर मिळेल. मला आज वेगळाच प्रश्न पडलाय: त्या वेळी शास्त्रज्ञांना नेमकं काय माहीत नव्हतं?

पहिली गोष्ट, हा रोग पसरतो कसा. लोक मोसंबी साबणाच्या पाण्यात बुडवत होते, दुधाची पिशवी धुऊन आत घेत होते. हसू नका. प्रयोगशाळेत हा विषाणू प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत टिकलेला दिसला होता. पण टिकतो म्हणजे त्यातून माणूस आजारी पडतोच का? हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि हवेचं काय? २८ मार्चला डब्ल्यूएचओने ठासून सांगितलं, कोविड हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं: बोलताना, श्वास सोडताना निघणारे बारीक कण बंद खोलीत तरंगत राहतात, याची दखल घ्या. डब्ल्यूएचओने ते स्पष्ट शब्दांत लिहायला २०२१ उजाडलं. माहिती नव्हती याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या ठासून सांगण्याबद्दल आहे. 'खिडक्या उघड्या ठेवा' हे सांगायला खर्च तरी काय होता?

बरं, हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदराच्या अंगावरच्या पिसवा प्लेग पसरवतात. सरकारी प्लेग कमिशनला ते पटलं नाही. ते सगळ्यांनी मान्य करायला पुढची जवळपास दहा वर्षं गेली. तोवर पुण्यात घरांची झडती, सामानाची जाळपोळ सगळं होऊन गेलं होतं. (आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता.)

माहिती अपुरी असली तरी सरकारला निर्णय घ्यावाच लागतो, हे मला मान्य आहे. पण त्याची किंमत कोण मोजतं, ते बघा. लॉकडाऊनमध्ये जालन्यातल्या स्टील कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरियाचे मजूर गावी जायला निघाले. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत. थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली आणि १६ जण गेले. कोविडच्या मृतांच्या आकड्यात ते नाहीत.

आता औषधं. इथे गोंधळ जास्त होता आणि पैसाही. २३ मार्चलाच आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना खबरदारी म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घ्यायला सांगितलं. पुरावा तुटपुंजा होता. औषध घेतलं आणि माणूस बरा झाला, एवढ्यावरून काही ठरत नाही. बहुतेक लोक तसेही बरे होत होते. मग कळणार कसं? नाणेफेक केल्यासारखं, निम्म्यांना औषध द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि मोजायचं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत साधारण हेच केलं. जूनमध्ये निकाल आले: रुग्णालयातल्या रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा फायदा नाही. पण डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आपल्याकडेही आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी केली. फायदा दिसला नाही. याचा मला अभिमान वाटतो, कारण ती चाचणी भर साथीत झाली. तरी प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून निघायला मे २०२१ उजाडला!

आणि एप्रिल २०२१. आमच्या नात्यातला एक मुलगा रेमडेसिविरसाठी अंबडहून जालन्याला, तिथून औरंगाबादला मोटरसायकलवर फिरत होता. सहा व्हायल हव्या होत्या. दोन मिळाल्या, त्याही छापील किमतीच्या कित्येक पटीने. त्याच्या आधी पाच महिने, २० नोव्हेंबर २०२० ला, डब्ल्यूएचओने म्हटलं होतं की दाखल रुग्णांसाठी हे औषध वापरू नका, जीव वाचतो असा पुरावा नाही. ही गोष्ट चिठ्ठी हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या पोराला कुणी सांगितली नाही. आणि सांगितली असती तरी आत वडील ऑक्सिजनवर असताना तो घरी परत गेला असता का?

गंमत म्हणजे गोष्ट तिथेही संपली नाही. एप्रिल २०२२ मध्ये त्याच डब्ल्यूएचओने सल्ला बदलला: आजार सौम्य असताना, सुरुवातीलाच, धोका जास्त असलेल्यांना रेमडेसिविर देता येईल. म्हणजे ज्या अवस्थेत आपल्याकडे लोक रांगा लावत होते, त्याच्या बरंच आधी.