बोटांखालचा ‘क’

बंगळुरूतल्या मराठी घरात अंध मूल असेल, तर शाळेचा प्रश्न भाषेपासूनच सुरू होतो. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात बहुधा इंग्रजी. डोळस मुलाला त्यासाठी तीन लिप्या गिरवाव्या लागतात. ब्रेलमध्ये सहा ठिपक्यांत तिन्ही मावतात.

पूर्वी एवढे सोपे नव्हते. १९०१मध्ये म्हैसूरला आणि १९०२मध्ये मुंबईला अंध मुलांच्या शाळा निघाल्या, तेव्हा देशात निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत. एका प्रांतातले पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या बोटांना परके. १९५१मध्ये भारती ब्रेल ठरली. मराठी ‘क’ला पहिला आणि तिसरा ठिपका, कन्नड ‘क’लाही तेच, इंग्रजी ‘के’लाही तेच.

शाळा निवडण्याची ओढाताण मात्र संपली नाही. खास शाळेत ब्रेल आणि पांढरी काठी शिकवणारी माणसे असतात, पण अनेकदा त्यासाठी लहान मुलाला वसतिगृहात ठेवावे लागते. जवळच्या शाळेत ते भावंडांचा हात धरून जाते, पण तिथे ब्रेल जाणणारे कोणी असेलच असे नाही. १९७४मध्ये केंद्राने एकात्मिक शिक्षणाची योजना आणली. २०१६च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या किंवा खास शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

म्हणून शाळेत पहिला प्रश्न विचारावा: ब्रेल कोण शिकवणार? मूल कन्नड ब्रेल शिकले, तरी मराठीची बहुतेक अक्षरे त्याच्या बोटांत आलेली असतात. आईबापांनी तेवढे ठिपके शिकून घेतले, की घरची भाषा घरीच वाचता येते.