हेलन वॉडेल : इतिहासकार आणि कादंबरीकार

मंडळी, ऐतिहासिक कादंबरीचा विषय निघाला की आपल्याकडे वाद ठरलेला असतो. कादंबरीकार एका बाजूला, इतिहासकार दुसऱ्या बाजूला. इतिहासकार चुका दाखवणार आणि कादंबरीकार ‘ललित स्वातंत्र्य’ म्हणणार. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे, म्हणून तिथे निदान दोघं एका पुस्तकात शेजारी बसले. पण ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली तर? आज आपण अशा एका बाईंची हकिगत पाहणार आहोत. त्यांचं नाव हेलन वॉडेल.

जन्म 1889 सालचा, टोकियोतला. वडील आयर्लंडमधले प्रेस्बिटेरियन मिशनरी. आई लहानपणीच गेली. शिक्षण बेलफास्टला झालं, 1911 साली पदवी मिळाली. आणि मग जवळजवळ नऊ वर्षं ही हुशार मुलगी घरी सावत्र आईची शुश्रूषा करत राहिली. सावत्र आई 1920 मध्ये वारली, तेव्हा कुठे वॉडेलबाई ऑक्सफर्डला गेल्या. वय एकतीस. पुढे शिष्यवृत्ती मिळून त्या दोन वर्षं पॅरिसला होत्या. मध्ययुगीन लॅटिनचा अभ्यास म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: मीन्य नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं एकोणिसाव्या शतकात लॅटिन धर्मग्रंथांचा जो संग्रह छापला, तो दोनशेहून अधिक खंडांचा आहे. हे असलं वाचन करायचं आणि त्यातून माणसं शोधायची.

1927 साली त्यांचं ‘द वाँडरिंग स्कॉलर्स’ आलं. एका मठाकडून दुसऱ्याकडे, एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे भटकणारे, दारूवर आणि वसंतावर लॅटिन गाणी रचणारे विद्यार्थी, हा त्याचा विषय. मागोमाग 1929 मध्ये त्या कवितांचे अनुवाद आले. रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरचं पदक मिळालं, पुढे विद्यापीठांच्या सन्मान्य पदव्याही मिळाल्या. काही विद्वानांना हे पुस्तक फार काव्यमय वाटलं. त्यात तथ्य आहे. त्या भटक्यांवर बाईंचं जरा जास्तच प्रेम आहे. पण विद्वत्तेचं पुस्तक सामान्य वाचकानं विकत घेऊन वाचावं, हे रोज घडत नाही. गंमत म्हणजे इतकं होऊनही विद्यापीठातली कायमची जागा त्यांना कधी लाभली नाही. उपजीविका प्रकाशन संस्थेतल्या आणि नियतकालिकातल्या कामावर चालली.

आणि 1933 मध्ये कादंबरी आली, ‘पीटर आबेलार’.

आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक आबेलारला ओळखतो तो तर्कशास्त्रज्ञ म्हणून. 1079 ते 1142 हा त्याचा काळ. ‘सिक एत नॉन’ या ग्रंथात त्यानं 158 प्रश्न घेतले आणि प्रत्येकावर धर्माचार्यांची परस्परविरोधी वचनं समोरासमोर मांडून ठेवली. बाकी जगाला तो ठाऊक आहे एलोईजचा प्रियकर म्हणून. पॅरिसच्या फुल्बेर नावाच्या धर्माधिकाऱ्याची ती भाची, विलक्षण विदुषी. आबेलार तिचा शिक्षक झाला, प्रेम जमलं, मुलगा झाला, गुप्तपणे लग्न झालं, आणि फुल्बेरनं माणसं घालून आबेलारला नपुंसक केलं. दोघांनी मठाचा आश्रय घेतला. 1121 मध्ये स्वासाँच्या धर्मसभेनं त्याला त्याचा त्रैक्यावरचा ग्रंथ त्याच्याच हातानं जाळायला लावला.

हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः आबेलारच्याच आत्मकथनातून, आणि ते घटनांनंतर पंधराएक वर्षांनी लिहिलेलं आहे. एलोईजची पत्रं आहेत, तीही नंतरचीच. आबेलारनं तिच्यासाठी प्रेमगीतं रचली, ती लोक गात असत, असं दोघंही सांगतात. ती गीतं आज हाती नाहीत. म्हणजे इतिहासकाराकडे परिणाम आहेत, वाद आहेत, आठवणी आहेत. नेमका तो क्षण नाही.

आता कादंबरीतला एक प्रसंग पाहू. आमच्या मते सगळा प्रश्न या एकाच प्रसंगात आहे. धर्मसभेच्या अपमानानंतर आबेलार पॅराक्लीट इथे, रानात झोपडी बांधून राहतो आहे, सोबत तिबो नावाचा शिष्य. रानातून किंकाळी ऐकू येते. दोघं धावतात. सापळ्यात सापडलेला ससा. दोघं त्याला सोडवतात, ससा क्षणभर हातात विसावतो आणि मरतो. या मुक्या जीवानं काय केलं होतं? तेव्हा तिबो करवतीनं कापलेल्या एका झाडाकडे बोट दाखवतो. खोडातलं काळपट कडं झाडाच्या संपूर्ण लांबीभर गेलेलं असतं, पण दिसतं फक्त कापलं त्या जागी. ख्रिस्ताचं मरण म्हणजे तो छेद. देवाचं दुःख मात्र सर्वकाळ चालूच आहे.

हे आबेलारचं मत आहे का? इथे आपल्याला थोडं तत्त्वज्ञानात शिरावं लागेल. जुनी समजूत अशी की ख्रिस्ताचा बळी म्हणजे सैतानाला दिलेली खंडणी. आन्सेल्मनं अकराव्या शतकाच्या शेवटी ती बाजूला सारली. माणसाच्या पापानं देवाच्या प्रतिष्ठेला जी बाधा आली तिची ही भरपाई, असं तो म्हणाला. आबेलारला हेही पटेना. निरपराध पुत्राच्या रक्तानं संतुष्ट होणारा देव कसला? त्याचं उत्तर असं, की ख्रिस्ताच्या मरणात देवाचं प्रेम दिसतं आणि ते पाहून आपल्यात प्रेम जागं होतं. बर्नार्ड ऑफ क्लेअरव्होनं याच्यावर कडाडून हल्ला केला. पण आबेलारनं हे मांडलं ते रोमकरांस पत्राच्या भाष्यात, आणि ते भाष्य पॅराक्लीटच्या त्या दिवसांनंतर दहाएक वर्षांचं. शिवाय देव स्वतः दुःख भोगतो, हे तर त्यातही नाही. मध्ययुगीन धर्मशास्त्राचा देव दुःखातीत आहे. दुःख भोगणाऱ्या देवाची कल्पना इंग्रजी धर्मचिंतनात जोर धरते ती पहिल्या महायुद्धानंतर, वॉडेलबाईंच्या स्वतःच्या पिढीत.

मग काय, पकडली चूक? तसं नाही. बाईंनी दोन गोष्टी केल्या आहेत. एक, हे वाक्य आबेलारच्या तोंडी घातलेलं नाही. ते तिबोच्या तोंडी आहे, आणि तिबो काही ग्रंथकार नव्हे. दुसरी त्याहून महत्त्वाची. ते ऐकताच आबेलार पुटपुटतो की हे तर जुनं पाखंड झालं, पित्यानंच क्रुसावर दुःख भोगलं म्हणणाऱ्यांचं. सवयीनं, यांत्रिकपणे पुटपुटतो. आणि लगेच त्याला वाटतं, हे खरं असतं तर! बाराव्या शतकातला पंडित काय म्हणेल हे इतिहासकार बाईंना पक्कं ठाऊक आहे, आणि त्या ते गाळत नाहीत. कादंबरीकार बाई फक्त पुढची इच्छा त्याच्या मनात घालतात. भाष्याचा काळ ठरवता येतो. पण भाष्यातला विचार ज्या दुखण्यातून आला ते दुखणं कुठल्या हस्तलिखितात मिळणार?

धोका आहेच. हा प्रसंग ख्रिस्ती धर्मशास्त्रावरच्या पुस्तकांत पुष्कळदा उद्धृत होतो, आणि झाडाचा दृष्टान्त आबेलारचाच समजणारा वाचक भेटणं अगदी शक्य आहे. बाईंनी कडेला खूण करून ठेवली आहे खरी, पण ती कळायला ‘पाखंड’ या शब्दाचा इतिहास ठाऊक हवा. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आधी भाष्याचा उतारा देत असू आणि मग कादंबरीतलं प्रकरण. उलट क्रमानं दिलं की भाष्य कोरडं वाटतं आणि कोणी ते नीट वाचत नाही.

एलोईजच्या बाजूनं पुढचा भाग लिहायचा बाईंचा बेत होता. तो पुरा झाला नाही. 1936 मध्ये वाळवंटातल्या संन्याशांच्या वचनांचे अनुवाद आले, मग युद्ध, मग नियतकालिकाचं काम आणि घरच्यांची जबाबदारी. 1947 मध्ये ग्लासगोला त्यांनी अंधारयुगातल्या कवितेवर व्याख्यान दिलं. त्यानंतर स्मृती जाऊ लागली. ज्या बाईंना शेकडो लॅटिन कवी मुखोद्गत होते, त्यांची शेवटची वर्षं काही न आठवता गेली. 1965 मध्ये त्या लंडनला वारल्या. एलोईजवरची कादंबरी अजूनही त्या तोडीच्या अभ्यासकानं लिहायची बाकी आहे, असं आम्हाला वाटतं.