आधी भरोसा, मग दुकान

धामणगाव रेल्वेहून गाडीत बसलं की पुलगावनंतर वर्धा येते. तिथं 1934 साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला, जे. सी. कुमारप्पा तो सांभाळत. घाणीचं तेल, हातसडीचे तांदूळ यांचा प्रचार झाला. 1938 ला मगन संग्रहालय उघडलं. माल कसा बनतो, ते लोकांनी डोळ्यांनी पाहावं, हा हेतू.

आम्ही तेच विसरलो. गटाची बिनफवारणीची तूरडाळ कमी पडली, म्हणून बाजारची मिसळली. एकाच पातेल्यात अर्धी शिजली, अर्धी टणक राहिली. शहरातलं गिऱ्हाईक तुटलं.

आता प्रत्येक पोत्यावर शेतकरणीचं नाव लिहितो. माल नसला तर 'नाही' म्हणतो. दुकानं वाढवण्याआधी पोतं उघडून दाखवता आलं पाहिजे.