रक्तवाहिन्यांतील दाह आणि हृदयविकार: पांढऱ्या पेशींच्या प्रथिनांचा संबंध काय?

‘कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं, मग अटॅक कसा आला?’ असं अनेक नातेवाईक विचारतात. याचं एक उत्तर आपल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये आहे.

एलडीएल कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या अस्तराखाली साचू लागलं की ते गिळायला मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. काम साफसफाईचं, पण खाऊन खाऊन त्या फुगतात आणि तिथेच अडकतात. कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांमुळे त्या ‘इंटरल्युकिन-1 बीटा’ हे प्रथिन सोडतात. हा एक प्रकारे धोक्याचा भोंगाच. तो ऐकून आणखी पेशी येतात, ‘इंटरल्युकिन-6’ वाढतं आणि त्याच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी तयार करतं. याच पेशींची काही प्रथिनं चरबीच्या गाठीवरचं आवरण पातळ करतात. ते फाटलं की रक्ताची गुठळी होते. म्हणूनच 40-50 टक्के ब्लॉकेजवरही अटॅक येऊ शकतो.

2017 मध्ये ‘कँटोस’ या अभ्यासात, आधी अटॅक येऊन गेलेल्या सुमारे 10 हजार रुग्णांवर इंटरल्युकिन-1 बीटा अडवणाऱ्या इंजेक्शनची चाचणी झाली. कोलेस्टेरॉल कमी न होताही 150 मिलिग्रॅमच्या डोसने अटॅक, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, त्यामुळे हे औषध हृदयरोगासाठी वापरात आलं नाही. गाऊटवरचं जुनं, स्वस्त कोल्चिसिन काही हृदयरुग्णांना अगदी कमी डोसमध्ये दिलं जातं. सगळ्या अभ्यासांत त्याचा फायदा दिसलेला नाही आणि किडनीच्या रुग्णांना ते त्रासदायक ठरू शकतं. दुकानातून परस्पर आणू नका.

एक गैरसमज फार महागात पडतो. ‘दाह म्हणजे सूज, मग सुजेची गोळी घेऊ.’ डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी हा दाह बरा होत नाही, उलट अटॅकचा धोका वाढतो. गुडघेदुखीसाठी त्या घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. स्टॅटिन मात्र कोलेस्टेरॉल आणि दाह दोन्ही कमी करतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून ते मनाने बंद करू नका. तंबाखू, विडी-सिगारेट आणि वाढलेली साखर या पेशींना सतत डिवचत राहतात.

हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपीची तपासणी सगळ्यांनाच लागत नाही. साधारणपणे 1 पेक्षा कमी असेल तर धोका कमी, 3 पेक्षा जास्त असेल तर अधिक मानतात. सर्दी-ताप किंवा दाताचं दुखणं असतानाही हा आकडा चढतो. 10 च्या वर आला तर आधी जंतुसंसर्गासारखी कारणं पाहतात आणि बरं वाटल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, तपासणी पुन्हा करतात.